हार्मोन्स आणि व्यायाम: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी पहिले बारा आठवडे

व्यायामाकडे नव्याने वळणारी माणसं हल्ली हातात रिपोर्ट घेऊनच येतात. कुणाचं टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) वाढलेलं असतं, कुणाला सोनोग्राफीनंतर पीसीओएस (अंडाशयांशी निगडित हार्मोन्सचा बिघाड) सांगितलेलं असतं, कुणाची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ टक्के आलेली असते. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: हे हार्मोन ठिकाणावर आणायला कोणता व्यायाम करू? मोबाईलवर तर उत्तरांचा पूर आहे. अमुक आसनाने थायरॉईड जातो, तमुक पेयाने कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन उतरतं, पायांचा व्यायाम केला की टेस्टोस्टेरॉन वाढतं.

नवख्या माणसाने पहिल्याच दिवशी एक गोष्ट पक्की करून घ्यावी असं मला कळकळीने वाटतं. एखाद्या हार्मोनचा आकडा व्यायामाने हवा तसा वर-खाली करता येत नाही. व्यायामाने खात्रीने बदलतो तो हार्मोनला शरीर देत असलेला प्रतिसाद. हार्मोन म्हणजे ग्रंथीने रक्तातून धाडलेला निरोप. निरोप कितीही वेळेवर निघाला तरी पलीकडे कुणीतरी तो ऐकायला हवा, आणि शरीरातला हा ऐकणारा सगळ्यात मोठा गट म्हणजे आपले स्नायू. बारा आठवड्यांत आपल्याला त्यांनाच कामाला लावायचं आहे.

सुरुवात स्नायूपासून का

जेवल्यावर रक्तातली साखर वाढते आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन पोहोचलं की स्नायूंच्या पेशी ग्लूट-४ नावाचे वाहक आतून पृष्ठभागावर आणतात आणि साखर आत ओढून घेतात. इन्सुलिनमुळे रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेचा मोठा वाटा असा स्नायूंतच जातो. स्नायू कमी असले, दिवसभर हलत नसले, त्यांच्यात चरबी साचलेली असली, की ते इन्सुलिनला दाद देईनासे होतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. हे वर्षानुवर्षं चालू राहतं आणि तोवर उपाशीपोटीची साखर नॉर्मलच दिसते, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. हे जादा इन्सुलिन अंडाशयांना अधिक अँड्रोजन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बनवायला लावतं, यकृतात चरबी साठायला मदत करतं आणि शेवटी स्वादुपिंडच थकलं की मधुमेह उघड होतो. पीसीओएससाठी एका डॉक्टरकडे, फॅटी लिव्हरसाठी दुसऱ्याकडे आणि साखरेसाठी तिसऱ्याकडे फिरणाऱ्या घरांत या तिन्ही तक्रारींमागे बऱ्याचदा हा एकच धागा असतो.

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा ग्लूट-४ इन्सुलिनशिवायही पृष्ठभागावर येतो, कारण त्याची ती वाट वेगळी आहे. म्हणून इन्सुलिनला दाद न देणारा स्नायूसुद्धा चालायला लागताच साखर उचलतो. शिवाय व्यायाम संपल्यावर साधारण एक ते दोन दिवस तोच स्नायू इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतो. मग तो परिणाम ओसरतो. रविवारी तीन तास ट्रेक आणि आठवडाभर खुर्ची हे गणित हार्मोन्सच्या बाबतीत का जमत नाही, याचं उत्तर या दोन दिवसांत आहे. सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नका असं मधुमेहाच्या रुग्णांना सांगतात तेही यामुळेच.

"पण मी तर बारीक आहे," असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्यातलं एक उदाहरण. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी स्वतःचाच एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडची बाळं जन्मतःच वजनाने कमी पण त्या मानाने जास्त चरबी आणि कमी स्नायू घेऊन येतात, हे याज्ञिकांच्या पुण्याजवळच्या गावांतल्या अभ्यासातून पुढे आलेलं आहे. म्हणून वजनाच्या काट्यावर विसंबू नका. आपल्या लोकांसाठी कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर यापुढे गेला की धोका धरतात. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी ठेवण असलेल्या माणसाला स्नायूंची गरज सगळ्यात जास्त असते आणि नेमका तोच "मला काय गरज" म्हणत घरी बसतो.

पायरी १: आधी औषधं बघा, मग बूट

व्यायाम सुरू करण्यापूर्वी आपण घेतो त्या गोळ्यांची नावं एका कागदावर लिहा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते. अशांनी डॉक्टरांना "मी व्यायाम सुरू करतोय, डोस बदलायचा का?" असं स्पष्ट विचारावं. नुसती मेटफॉर्मिन असेल तर हा धोका फार कमी. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर जागच्या जागी थांबा. ग्लुकोमीटर जवळ असेल तर साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. मोजायची सोय नसेल तर आधी साखर घ्या. बिस्किटं किंवा चॉकलेट यासाठी नको, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू चढते. खिशात साखरेची पुडी ठेवणं हा तुमच्या व्यायामाचाच भाग समजा.

बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी व्यायामात फारशी वाढत नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यावर त्यांनी जाऊ नये. चालताना छातीत दुखणं, जबडा किंवा डाव्या हातात कळ, आधी कधीतरी आलेली चक्कर, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर झालेला परिणाम, तळपायांना बधिरपणा, यातलं काहीही असेल तर आधी तपासणी. तळपाय बधिर असणाऱ्यांनी अनवाणी चालू नये, गवतावरही नाही आणि देवळाच्या प्रदक्षिणेला तापलेल्या फरशीवर तर मुळीच नाही.

थायरॉईड जास्त काम करत असेल, म्हणजे वजन झपाट्याने उतरतंय, बसल्या जागी धडधडतंय, हात कापतायत, तर तो आटोक्यात येईपर्यंत दमछाक करणारा व्यायाम नको.

पहिल्या दिवशी फक्त तीन नोंदी करून ठेवा: कंबरेचा घेर, सकाळी उठल्या उठल्या पलंगावरच मोजलेली नाडी, आणि हात न टेकता खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ते. वजन लिहायचं तर लिहा, पण रोज बघू नका.

पायरी २: पहिले दोन आठवडे फक्त जेवणानंतर चाला

जिमची फी भरण्याआधी हे करा. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात टाईप-२ मधुमेहाच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला, २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. एका टप्प्यात लोकांना रोज सलग तीस मिनिटं, वाटेल त्या वेळी चालायला सांगितलं आणि दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटं. चालणं एकूण तेवढंच. पण जेवणानंतरची साखर दुसऱ्या पद्धतीत सरासरी १२ टक्के कमी चढली आणि रात्रीच्या जेवणानंतर हा फरक २२ टक्क्यांवर गेला. आपल्याकडेही रात्रीचं जेवण बहुतेकदा दिवसातलं सगळ्यात जड, आणि त्यानंतर माणूस सरळ टीव्हीपुढे आडवा होतो.

शतपावलीची सवय आपल्या घरांत होतीच, ती परत आणायची आहे. मात्र शंभर पावलं एका मिनिटात संपतात, तेवढ्यावर थांबू नका. ताटावरून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत दहा मिनिटं, गप्पा मारता येतील अशा वेगाने. सोसायटीच्या आवारात, गच्चीवर, पावसाळ्यात जिन्याच्या पॅसेजमध्ये. ऑफिसात डबा खाल्ल्यावर बाहेर पडता येत नसेल तर दोन मजले उतरून पुन्हा चढून या. पोटभर जेवणानंतर पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, फक्त चालायचं.

याच दोन आठवड्यांत बैठक मोडायची सवय लावा. दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन-तीन मिनिटं उठून फिरलं तरी जेवणानंतरच्या साखरेवर आणि इन्सुलिनवर परिणाम दिसतो. फोन आला की उभं राहून बोलायचं, एवढा नियम पुष्कळ आहे.

पायरी ३: तिसऱ्या आठवड्यापासून जोर लावा

बहुतेक लोक चालण्यावरच थांबतात. चालणं स्नायूंना जागं करतं, पण ते वाढवत नाही. तिशी-चाळिशीनंतर स्नायू वर्षागणिक घटत जातात आणि त्यांच्याबरोबर इन्सुलिनचा श्रोताही लहान होत जातो. म्हणून वजन उचलणं, ढकलणं, ओढणं हे प्रत्येकाला करायचं आहे, साठीच्या आजींनाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम सांगितलेला आहे. मात्र वाचणाऱ्यांना त्यातली १५० मिनिटं तेवढी लक्षात राहतात.

दोन दिवस ठरवा, मध्ये निदान एक दिवस सुट्टी. सोमवार-गुरुवार छान जमतं. सामान काहीच लागत नाही. पाच हालचाली शिका.

पहिली, बसून उठणं. खुर्चीच्या कडेवर बसा, हात छातीशी, पूर्ण टाच जमिनीवर ठेवून उठा आणि सावकाश, मनात तीन मोजत खाली बसा. धपकन बसायचं नाही. खाली जातानाचा भागच स्नायूला घडवतो. सोपं झालं की खुर्ची काढा, मग छातीशी पाच किलो तांदळाची पिशवी धरा.

दुसरी, ढकलणं. भिंतीला हात लावून सुरुवात, मग ओट्याच्या कडेला, मग जमिनीवर गुडघे टेकून, मग पूर्ण. आखाड्यातले जोर त्याच्याही पुढचे, ते शेवटी.

तिसरी, ओढणं. ही घरच्या व्यायामात हटकून राहून जाते. एक हात पलंगावर टेकून वाका, दुसऱ्या हातात पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी, कोपर मागे नेत ती कंबरेपर्यंत ओढा.

चौथी, कमरेतून वाकून उचलणं. पाठ सरळ, गुडघे थोडे सैल, नितंब मागे ढकलत खाली जा आणि भरलेली पिशवी मांड्यांना घासत वर आणा. पाण्याची कळशी उचलणाऱ्या बायका हे कधीपासून करत आल्या आहेत. फक्त पाठ गोल होऊ द्यायची नाही. स्लिप डिस्क झालेल्यांनी ही हालचाल फिजिओथेरपिस्टकडून शिकावी.

पाचवी, पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणं. त्याच्या जोडीला उभं राहून टाचा उचलणं.

प्रत्येकी आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या, फेऱ्यांमध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. शेवटच्या वेळी "अजून दोन-तीन जमले असते" असं वाटलं पाहिजे. वीस जमले असते असं वाटत असेल तर वजन कमी पडतंय. बारा आरामात व्हायला लागले की वजन वाढवा. श्वास कोंडू नका. जोर लावताना सोडा. पहिल्या आठवड्यात अंग ठणकेल, तिसऱ्या दिवशी ओसरेल. पण जुन्या ईर्ष्येने पहिल्याच दिवशी शंभर-दोनशे बैठका मारू नका. स्नायूंना अतोनात इजा झाली तर त्यांतली द्रव्यं मूत्रपिंडावर येतात. लघवी काळ्या चहाच्या रंगाची दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सूर्यनमस्कारांचं काय, असं इथे कुणीतरी विचारतंच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा शाळाशाळांतून प्रसार केला, आणि तो अप्रतिम सर्वांगीण व्यायाम आहे यात शंका नाही. लवचिकता येते, खांदे-छाती-मांड्या तापतात, वेगाने घातले तर चांगला दमही लागतो. पण त्यात ओढण्याची हालचाल नाही आणि वजन वाढवण्याची सोय नाही. ताकदीच्या दिवशी सुरुवातीला सहा ते बारा नमस्कार घाला, मग वरच्या पाच हालचालींकडे वळा.

बायकांची एक भीती: वजनं उचलली तर पुरुषासारखे दंड होतील. बायकांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या सुमारे पंधराव्या हिश्शाएवढं असतं. दोन दिवसांच्या व्यायामाने तसे दंड होत नाहीत. पीसीओएसमध्ये अँड्रोजन थोडे वाढलेले असले तरीही नाहीत.

पुरुषांचा भ्रम वेगळा. पायांचा भारी व्यायाम केला की टेस्टोस्टेरॉन उसळतं आणि त्याने दंड वाढतात, हे जिममध्ये छातीठोक सांगितलं जातं. उसळतं हे खरं, अर्धा-एक तास. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ५६ तरुणांकडून बारा आठवडे व्यायाम करून घेऊन हेच तपासलं. व्यायामानंतर टेस्टोस्टेरॉनची उसळी कुणाची किती, आणि स्नायू कुणाचे किती वाढले, यांचा मेळ बसला नाही. वाढ होते ती ज्या स्नायूवर भार पडतो त्याच्या आत घडणाऱ्या घडामोडींमुळे. त्यामुळे हार्मोन उसळवणाऱ्या खास व्यायामाच्या शोधात वेळ घालवू नका.

स्नायू नुसता ऐकतो असंही नाही. काम करणारा स्नायू स्वतः इंटरल्युकिन-६ सारखी द्रव्यं रक्तात सोडतो आणि ती यकृत, चरबी यांच्याशी संवाद साधतात. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांनी या द्रव्यांना मायोकाइन हे नाव रूढ केलं. व्यायामाचा परिणाम सगळ्या अंगावर का होतो, याचं थोडं उत्तर इथे आहे.

पायरी ४: पाचव्या आठवड्यापासून दम

इथे फार काही सांगायचं नाही. आठवड्यात १५० मिनिटं मध्यम श्रमाची: बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम. जेवणानंतरचं चालणं थोडं भरभर केलं की त्यातला बराच भाग तिथेच वसूल होतो. सायकल, पोहणं, टेकडी, काहीही चालेल. आठव्या आठवड्यापासून चालण्यात मध्येच एक मिनिट झपाट्याने आणि दोन मिनिटं सावकाश, असं पाच-सहा वेळा घाला.

ग्लुकोमीटर वापरणाऱ्यांना इथे एक धक्का बसतो. झपाट्याच्या व्यायामानंतर साखर कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. जोराच्या श्रमात ॲड्रेनालीन वाढतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, म्हणून ते तात्पुरतं घडतं. यावरून व्यायाम सोडू नका, तासा-दोन तासांनी पुन्हा मोजा. मात्र टाईप-१ मधुमेहात साखर २५० च्या वर आणि लघवीत किंवा रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी द्रव्यं) असतील तर व्यायाम करायचा नाही.

पायरी ५: पुरेसं खा

व्यायाम सुरू केला की लोक त्याच दिवशी रात्रीचं जेवण सोडतात. यावर थोडं थांबून बोलायला हवं, कारण हार्मोन्स खऱ्या अर्थाने बिघडवणारा व्यायाम असतो तो इथेच.

श्रम वाढले आणि अन्न घटलं की मेंदूतलं हायपोथॅलॅमस ती टंचाई ओळखतं. चरबीकडून येणारं लेप्टिन घटतं, अंडाशयांना किंवा वृषणांना जाणारे निरोप मंदावतात, थायरॉईडचं टी-३ खाली येतं. बायकांत पाळी लांबते, मग थांबते. इस्ट्रोजेन घटल्यामुळे हाडं ठिसूळ होतात. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन उतरतं, इच्छा मावळते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस हे नाव दिलं. हे फक्त ऑलिंपिकच्या खेळाडूंना होतं असं समजू नका. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी पळणारी, त्याच वेळी वजन उतरवण्यासाठी एकवेळ जेवणारी आणि श्रावणात सोमवार-शनिवार धरणारी तरुणीही त्याच वाटेवर असते. व्यायाम सुरू केल्यावर सलग तीन महिने पाळी आली नाही तर "शरीर हलकं होतंय" म्हणून खूश होऊ नका. गरोदरपण नाही याची खात्री करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. वारंवार सर्दी, नडगीत न जाणारं दुखणं, रात्री झोप न लागणं, या त्याच्या आधीच्या खुणा.

प्रथिनांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस वजनाच्या किलोमागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याने त्याहून थोडं वर जावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. पोळी-भाजी-भात या ताटात हे आपोआप भरत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात किंवा उसळीत सहा-सात, पेलाभर दुधात साधारण तेवढंच. पन्नास ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत मात्र पंचवीस. सकाळी पोह्यांबरोबर दोन अंडी किंवा मोड आलेली मटकी, दुपारी घट्ट वरण, संध्याकाळी मूठभर फुटाणे, रात्री पिठलं किंवा मासे. व्यायामाच्या दिवशी भाकरी कमी करू नका.

पायरी ६: झोप हाही सरावच

शिकागो विद्यापीठात निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घटलं. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं. वाढीचं हार्मोनही सगळ्यात जास्त सुटतं ते पहिल्या गाढ झोपेत. पहाटे चारला उठून जिम गाठायचं म्हणून पाच तासांवर झोप आणणाऱ्यांनी हा सौदा पुन्हा एकदा तपासावा. त्याऐवजी संध्याकाळी व्यायाम करा.

कॉर्टिसोलची सध्या फार बदनामी झाली आहे. सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वाधिक असतं, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वात कमी. हा चढउतार हवाच, त्यानेच आपण उठतो. जोराच्या व्यायामात ते वाढतं आणि इंधन पुरवून परत खाली येतं. "कॉर्टिसोलचं पोट" म्हणून विकली जाणारी पावडर घेऊ नका. कॉर्टिसोल खरोखर वाढण्याचा कुशिंग नावाचा आजार असतो, आणि त्याच्या खुणा वेगळ्या: पोटावर रुंद जांभळे चट्टे, किंचित धक्क्याने काळंनिळं पडणं, खुर्चीतून उठताना मांड्यांत बळ नसणं. सांधेदुखीसाठी घेतलेल्या बेनाम पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असेल तरी असंच होतं. अशा वेळी पुडी हातात घेऊनच डॉक्टरांकडे जा.

तुमची तक्रार वेगळी असेल तर

*थायरॉईड कमी असेल तर* व्यायामाने ग्रंथी पुन्हा काम करू लागेल अशी आशा ठेवू नका. गोळी लागणार असेल तर ती घ्यावीच लागेल. रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. सकाळी उठून गोळी घ्या, व्यायाम करा, मग चहा, असा क्रम छान बसतो. टीएसएच फार वाढलेलं असताना स्नायू दुखतात, जड वाटतात आणि सावरायला वेळ लागतो. तोवर वरच्या वेळापत्रकातला प्रत्येक टप्पा दुप्पट काळ चालवा.

*पीसीओएस असेल तर* अमुकच व्यायाम हवा असं काही नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही एका प्रकाराला दुसऱ्यावर मान दिलेला नाही. टिकेल तो निवडा. वजन न घटताही इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, त्यामुळे काटा हलला नाही म्हणून तिसऱ्या महिन्यात सोडून देऊ नका. मुलींना "आधी वजन कमी कर, मग बघू" असं सांगून घरी पाठवलं जातं, ते मला अन्यायाचं वाटतं. वजन हट्टाने तिथेच असलं तरी त्या मुलीचे स्नायू बदलत असतात.

*पाळीच्या तारखांनुसार व्यायाम बदलावा का?* या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा सरासरी फरक अगदी किरकोळ निघाला. पोट दुखत असेल तर विश्रांती, बरं वाटत असेल तर नेहमीचा व्यायाम. वेगळं वेळापत्रक विकत घ्यायची गरज नाही.

*पाळी थांबण्याच्या काळात* इस्ट्रोजेन घटतं आणि पुढच्या काही वर्षांत हाडं वेगाने झिजतात. या वयात बायका फक्त चालणं आणि प्राणायाम यांवर येतात, आणि हाडांना मात्र भार हवा असतो. तिसरी पायरी तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. तिच्या जोडीला रोज दात घासताना एका पायावर उभं राहा, आधाराला भिंत जवळ असू द्या.

*टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं.* हे मी तरुण मुलांच्या आई-वडिलांसाठीही लिहितो आहे. जिममध्ये "सायकल" या नावाने ती दिली जातात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणांना निरोप धाडणं थांबवतो. शुक्राणू बनणं घटतं, कधी पूर्ण थांबतं, वृषणं आकसतात, काहींत स्तन वाढतात, रक्त घट्ट होतं. बंद केल्यावर पूर्वपदावर यायला महिने, कधी वर्ष लागतं. मूल होत नाही म्हणून तपासणीला गेल्यावर हे कारण पुढे येतं. कुणी घेत असेल तर रागावून उपयोग नाही, त्याला अंतःस्रावतज्ज्ञांकडे, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे, घेऊन जा आणि तिथे सगळं खरं सांगायला सांगा.

बारा आठवड्यांनी काय मोजायचं

पहिल्या दिवशीच्या तीन नोंदी पुन्हा घ्या. खुर्चीवरून उठण्याचा आकडा सगळ्यात आधी सुधारतो, मग सकाळची नाडी उतरते, कंबर सावकाश मागून येते. तीन महिन्यांची साखर तीन महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात अर्थ नाही, कारण ही तपासणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशींचं आयुष्यच सुमारे १२० दिवसांचं. थायरॉईडच्या गोळीचा डोस बदलला असेल तर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी.

तपासणीसाठी रक्त देण्याच्या आदल्या दिवशी जोराचा व्यायाम नको आणि त्या सकाळी तर काहीच नको. प्रोलॅक्टिन हे हार्मोन आणि स्नायूंतलं सीपीके हे एन्झाइम त्याने वाढलेलं दिसतं. टेस्टोस्टेरॉन तपासायचं असेल तर सकाळी सात ते दहाच्या दरम्यान. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या दोन दिवस आधी थांबवा, कारण अनेक प्रयोगशाळांच्या पद्धतीत त्यांच्यामुळे थायरॉईडचे आकडे चुकीचे येतात. थायरॉईडची रोजची गोळी त्या दिवशी रक्त दिल्यानंतर घेतली तर बरं. आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवताना बारा आठवड्यांत नेमकं काय केलं तेही सांगा, म्हणजे औषधाचा डोस ठरवताना त्यांना ते धरता येईल.